आमेन म्हणायला कोणीतरी

खोडाळा, रविवार

प्रिय आई,

प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे. नागलीची भाकरीही आता जमते.

"पाळकसाहेब विचारतात, उपासनेला जातेस ना?" असं तू फोनवर म्हणालीस आणि रेंजच गेली. आई, इथे जवळपास आपलं चर्च नाही. दवाखान्यात नर्स आम्ही दोघीच, त्यामुळे रविवारीही गाव सोडता येत नाही. आधी वाटलं, देव खोलीतही ऐकतोच. मी एकटीच बायबल वाचते, गीत गाते. पण सोबत गाणारं कोणी नसलं की माझा आवाज मध्येच बसतो.

आज पप्पांच्या गुडघ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करत होते. डोळे उघडले, तर शेजारच्या रंजनाताई भाजीची वाटी घेऊन दारात थांबलेल्या.

"शेवटाला काय बोलायचं, सिस्टर?"

"आमेन. म्हणजे तसंच होवो."

"आमेन," त्या म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या.

मी खूप रडले. विश्वास चर्चशिवायही टिकेल गं, पण मला माणसं लागतात. पाळकसाहेबांना एवढंच सांग.

पप्पांना चर्चच्या पायऱ्या चढवतात का? आपल्या बाकावर माझ्या जागी कोण बसतं? कोणी एकटं आलेलं असेल, तर त्याला उठवू नकोस.

तुझीच,
सुवार्ता