टाकीत कोणी नाही

७ ऑक्टोबर
पुण्याहून बारामती, तिथून इंदापूरच्या बाजूला साखर कारखान्यावर. गेल्या वर्षी घरबसल्या ज्याच्यासाठी प्रोग्राम लिहिला, तो कारखाना आज डोळ्यांनी पाहिला. गेस्टहाउसवर सारजाबाईंच्या हातची भाकरी, ठेचा. मी खूश.

मळीच्या टाकीत साफसफाईला उतरणाऱ्याच्या पट्ट्याला बॅटरीवरचा बिल्ला असतो. तो साऱ्या नेटवर्कला ओरडून सांगतो, मी आत आहे. पडद्यावर नंबर उमटतो. पडदा रिकामा दिसला की मुकादम तात्या झाकण लावतात. पूर्वी ते आत वाकून तीन हाका मारायचे. पडदा असताना हाका कशाला, असं मीच फोनवर म्हणाले होते. आता तक्रार अशी, की पडदा कायम रिकामाच.

८ ऑक्टोबर
चूक माझीच. प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच एका बंद खोलीत. नाव घेऊन आलेला निरोप आत पोचतो, सगळ्यांना मारलेली हाक पोचत नाही. कंटेनरला कॉम्प्युटरचंच नेटवर्क दिलं. एका ओळीचं काम. लगेच नंबर उमटला. १७, टाकी दोन.

दोनमध्ये आज कोणी उतरलेलंच नाही.

९ ऑक्टोबर
१७ म्हणजे मानसिंग, सारजाबाईंचा नवरा. गेल्या हंगामात पळून गेला म्हणतात. सारजाबाई म्हणाल्या, त्यो पळणाऱ्यातला न्हाय, बिल्ला बी परत आला न्हाय.

बिल्ल्याची बॅटरी महिनाभर टिकते. वर्ष झालं.

१० ऑक्टोबर
दर दहा सेकंदांनी १७. वर्षभर मळीनं भरलेली टाकी परवाच पंपानं उपसली, तळ अजून कोणी पाहिलेला नाही. त्याच्यावर झाकण लागलं तेव्हा पडदा रिकामा होता. माझ्यामुळे. बघवत नाही. सेटिंग पूर्वीसारखं केलं. पडदा गप्प झाला. जेवण गेलं नाही.

११ ऑक्टोबर
सारजाबाईंना सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. निदान बिल्ला आणा म्हणाल्या. टाकी एक पाझरतेय, तिची मळी आज दोनमध्ये घेणार. तात्यांना कोणत्या तोंडानं सांगू? ते जेवायला गेलेत. पटकन उतरते. माझा बिल्ला ४१.

दुपार
आत. फोनवर लिहितेय, रेंज नाही. घोट्याएवढी मळी. पट्टा हाताला लागला. बिल्ल्याचा दिवा विझलेला—

वर तात्या. सांगताहेत, पडदा बघितला, आत कुणी न्हाय—

सेटिंग. काल मीच—

मी ओरडले. पंपाच्या आवाजात—

झाकण.

मळी येतेय. गुडघ्यापर्यंत.

कोणीतरी हाक मारतंय. माझं नाव. वृषालीताई. एक. दोन. वरून नाही, इथूनच, माझ्या हातातल्या बिल्ल्या—