केबिनच्या दारातले डबे

डोंबिवली, मंगळवार, संध्याकाळ

मी घरी आले तरी आमच्या कारखान्याच्या मॅनेजरचे, साळवीसाहेबांचे पाय डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत.

पॅकिंगच्या लाइनवरची स्टुलं त्यांनी गेल्या आठवड्यात उचलून स्टोअरमध्ये टाकली. उभ्याने काम भरभर होतं म्हणे! लाइनवरच्या आमच्या कमलमावशींचे पाय सुजले. युनियनची प्रतिनिधी मी, लेखी तक्रार देणारच होते. पण तक्रारीवर मीटिंग लागेपर्यंत मावशींनी उभंच राहायचं? म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या जणी साहेबांच्या केबिनच्या दारातच डबे उघडून बसलो. घोषणा नाहीत, काही नाही.

साहेब बाहेर निघाले आणि अडकले. मालवणकडचा माणूस, मांडलेलं अन्न ओलांडणार नाही, हे मला माहीत होतं. मागे त्यांची खुर्ची होती, पण आमच्यादेखत परत जाऊन बसायची लाज वाटली असणार. नुसते उभे. या पायावरून त्या पायावर.

मला आतून मजा वाटत होती. खोटं कशाला लिहू?

तेवढ्यात कमलमावशी सरकल्या, शेजारी फरशीवर जागा केली. म्हणाल्या, "बसा हो साहेब, उभ्याने पाय भरून येतात."

साहेब लाल झाले. मग खरंच बसले, भाकरीचा तुकडाही घेतला. सुट्टी संपायच्या आत स्टुलं परत आली.

नंतर मावशींची पाठ थोपटत सगळ्या म्हणत होत्या, काय टोला हाणलात! मावशींना कळेचना. त्यांनी टोला हाणलाच नव्हता. त्यांना साहेबांचे पाय दिसले होते.