नाल्यावरची पानजांभळं

११ मे
पानजांभूळ पिकलं. नाल्याकाठची झुडपं काळीभोर झालीत. मैत्रीण शमीमला निरोप धाडला.
जेवताना हे म्हणाले, "परवा मशीन येते. नाला खोल करून राह्यलो, झुडपं काढा लागतीन." विहिरीला पाणी हवंच, मी कुठं नाही म्हणते. पण जेवून उठले अन् झुडपांकडे चक्कर मारून आले.

१२ मे
बांगड्यांचं दुकान सुनेवर टाकून शमीम अनसिंगहून आली. वर्षातली ही एकच खेप आमच्या दोघींची. लग्न नाही, मयत नाही, नुसतं हुंदडणं.
माझं जुनं लाल लुगडं अन् तिची हिरवी ओढणी झुडपांखाली ताणून बांधली. खाली चिखल. तोडलेलं पानजांभूळ तुरट लागतं, आपोआप गळतं तेच गोड. रात्रीतून कपड्यावर गळेल ते सकाळी येऊन वेचायचं ठरलं.
"शेवटचं हाय, पोटभर खाऊ," शमीम म्हणाली. दोघी थोड्या रडलो. या वयात झुडपासाठी रडणं, थेरंच म्हणायची.

१३ मे
पोचायला उशीर झाला. बघतो तर मशीन बंद. मशीनवाला रिठदचा, चपला काढून हात जोडून उभा.
"मावशी, लाल कपडा बांधेल हाय, हिरवा बी हाय. देव हाय का पीर हाय, मले मालूम नाई. मी हात नाई लावत."
मी तोंड उघडणार, तर शमीमने असा चिमटा काढला की वळ उठला.
झुडपं सोडून पलीकडून खोदलं. हे चिडले. पण नारळ यांनीच फोडला.

१७ मे
हळदकुंकू, अगरबत्त्या, कुणी चादर चढवून गेलं. ग्रा.पं. ओटा बांधणार म्हणे. जांभळं लुगड्यावर-ओढणीवर पडून मुंग्या लागल्यात. मी एक उचलायला गेले तर शेजारची कमळाबाई म्हणे, "काहून वं, देवाचं खाते?" हात मागे घेतला. फार वाईट वाटलं.

२० मे
शमीमचा फोन. "खरं सांगून टाकू का?"
म्हटलं, "सांगतलं तं झुडूप जाते."
"अन् नाई सांगतलं तं?"
"तं जांभूळ गेलं."
मग कितीतरी वेळ दोघी हसतच होतो.
उद्या जाणार आहोत, डोक्यावर पदर घेऊन. ओणवं होऊन नमस्कार करायचा अन् तो जरा लांबवायचा. अडचण एवढीच की जीभ जांभळी होते, अन् कमळाबाई तिथंच बसलेली असते.