पडद्यावरचे तात्या

रायपूर, सोमवार

प्रिय सुप्रे,

म्हणजे माफी परत मीच मागायची. तीबी तुझ्या लग्नाच्या मांडवात, पाहुण्यारावळ्यांदेखत, लासुर्ण्याच्या महिपततात्यांचे पाय धरून. परवा फोनवर तू हे असं सांगितलंस, जसं काय मला पुरणपोळी खायलाच बोलावतीयस. "दादा, एकदा वाक, म्हणजे मिटलं. आप्पा म्हणालेत, तात्यांनी माफ केलं तर तो घरात आला तरी चालंल." तरी चालंल! दोन वर्षं मी ह्या एवढ्या शब्दांची वाट बघत बसलोय असं तुला वाटतं का? वाटत असंल तर ते खरं हाय. मला घरी यायचं हाय. पण कुठल्या दारानं यायचं, हे तू ठरवू नको.

फोनवर बोलाय लागलं की तू रडतेस आणि मी गप्प बसतो. दरवेळी असंच होतं, आणि फोन ठेवल्यावर कळतं की तू म्हणालीस ते सगळं मी कबूल करून बसलो. म्हणून कागद घेतला. आठवीतनं शाळा सोडलेल्याचं अक्षर हाय, सांभाळून घे. तू बारामतीला कॉलेज केलंयस, तुला कोंबडीनं उकरलेलंबी वाचता येईल.

दुसरं काम सांगितलंस ते प्रोजेक्टरचं. नवरदेव म्हणे मशीनला हात लावाय घाबरतो. घाबरणारच. गोकुळनं जन्मात कधी त्याची पिशवीसुद्धा उचलली न्हाय. आमच्या धंद्यात वाटणी ठरलेली होती: वझं माझं आणि माईक त्याचा. गुलजारभाईंच्या दुकानातनं ते जुनं मशीन आमी दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून आणलं, तेव्हा गुलजारभाई मला म्हणाले होते, "बेटा, हे बाळंतिणीसारखं जपायचं, वारं नि धूळ लागू द्यायची न्हाय." मी जपलं. लासुर्णे, जंक्शन, वालचंदनगर, कुठं वाढदिवस, कुठं हळद, कुठं दशक्रिया, मोटरसायकलवर मांडीवर घेऊन हिंडलो. गावातनं निघालो तेव्हा ते त्याच्याकडंच राहिलं. आता त्याच मशीनवर तुमच्या दोघांचा पिक्चर दाखवायचाय. दाखवा की. कसं लावायचं ते सांगतो, आणि ह्यात एक अक्षर खोटं सांगणार न्हाय. मशीननं माझं काय वाकडं केलंय?

पहिलं म्हणजे मुहूर्त दुपारचा हाय, तेव्हा लावू नका. पांढऱ्या कापडाच्या मांडवात उन्हाचा प्रोजेक्टर म्हणजे दिवसाचा काजवा, नुसता पडदा हलल्यासारखा वाटंल. हळदीच्या संध्याकाळी लावा. पडद्याला चारी बाजूनं दोरी ओढा, सुरकुती राहिली की नवरीचं नाक वाकडं दिसतं. मशीन स्टुलावर ठेव, स्टूल जड घे, प्लास्टिकचं नको, पोरं धक्का देतात. पडद्याच्या बरोब्बर मधोमध, समोर. खाली ठेवून तोंड वर केलंस की चित्र वरनं रुंद आणि खालनं अरुंद, सुपासारखं येतं. ते सरळ करायचं बटण हाय, पण बटणानं चित्र बारीक होतं. त्यापेक्षा स्टूलच उंच कर. चित्र मोठं पायजे असंल तर मशीन मागं ने, मग पुढची गोल कडी फिरवून धार आण. फोटोवर धार लावू नको, अक्षरांवर लाव. अक्षर स्वच्छ दिसलं की बाकी सगळं स्वच्छ दिसतं. ही गोष्ट मला कुणी शिकवली न्हाय, मला अक्षरं लावून लावून वाचायला लागतात म्हणून कळली.

आवाज त्यातनं मागू नका, त्याचा आवाज म्हणजे डबक्यातला बेडूक. वायर डीजेवाल्याला दे. जनरेटरवर चालवणार असाल तर मधी स्टॅबिलायझर टाका. हळद उडंल तिकडं तोंड करू नका, काचेवर पिवळं बसलं की सगळा गाव काविळीचा दिसतो. आणि पिक्चर संपला म्हणून लगेच पिन उपसायची न्हाय. आधी मशीन बंद कर, मग आतला पंखा फिरून फिरून आपोआप थांबू दे. आतला दिवा तापलेला असतो. गोकुळला हे मी शंभर वेळा सांगितलं. तो पिन उपसायचा आणि म्हणायचा, "चल शिव्या, जेवायची पंगत उठंल." त्याला काहीच निवेपर्यंत थांबायला नको असायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाहुणे यायच्या आधी पहिल्या पाटीपासनं शेवटच्या पाटीपर्यंत, फोटो नि त्यावरची अक्षरं, एकदा सगळं चालवून बघ. मी दरवेळी बघायचो. लासुर्ण्यालाबी बघितलं होतं.

तुला तो दिवस आठवत असंलच, पण मी कसा बघितला ते तुला कधी सांगितलं न्हाय. तात्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. तात्यांच्या नातवाशी, अविराजशी, तुझी सुपारी फुटलेली. म्हणून आप्पा गावभर सांगत हिंडत होते, पंचवीस एकर ऊस, दारात जीप, आमची सुप्रिया राणी होणार. म्हणून तर मी त्या कार्यक्रमाचे पैसे घेतले न्हवते. घरचं कार्य. मधी भला मोठा तराजू टांगलेला, गूळतुलेचा. एका पारड्यात तात्या बसायचे, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि मागं माझा पडदा. तात्या आखाड्यात, तात्या कारखान्याच्या सभेत, तात्या नातवंडांत. दुपारी मी दारं लावून सगळं चालवून बघितलं. सगळ्या पाट्यांवर हार, समया, वर 'अभीष्टचिंतन'. पाट्या नेहमी तूच करायचीस, कारण गोकुळला तो शब्द धड म्हणताबी यायचा न्हाय, मग टाईप करणं लांबच.

अंधार पडला. तात्या पारड्यात बसले, ढेपा चढल्या, तात्यांचे पाय जमिनीवरनं सुटले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पडद्यावर तात्या आले. तेच हार, त्याच समया. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल समस्त ग्रामस्थ'.

मागनं कुणीतरी म्हणलं, "आरं, खरंच वर निघाले की, उतरवा त्यास्नी!" दुसरा म्हणाला, "गूळ ठेवा, तीळ आणा!" आणि सगळा मांडव हसला. तात्या अधांतरी. मान मागं वळवून स्वतःचीच श्रद्धांजली वाचत होते आणि पाय झाडत होते, पण दुसरीकडच्या ढेपा उतरवायचं कुणाच्या डोक्यात येईना. माझ्या हातात रिमोट होता. बटण दाबत होतो, भलतंच. तेवढ्यात माईकवर गोकुळ म्हणाला, "शिव्या, आरं काय लावलंस ह्ये! मंडळी, माफ करा, पोरगं शिकलेलं न्हाय, त्याला वाचता येत न्हाय धड." परत हसले. अविराजच्या बापानं माझी गचांडी धरली. मग आपले आप्पा आले. मला वाटलं सोडवायला आले. त्यांनी पायताण काढलं.

तू बायकांच्या पुढच्याच रांगेत होतीस. ओढणी तोंडाला धरलेली. मला वाटलं रडतेस.

मला विचारलं, पाटी कुणी केली? मी म्हणलं, मीच लावली, माझीच चूक. का म्हणलं सांगू? त्याच आठवड्यात तू एका दशक्रियेच्या पाट्या केल्या होत्यास, अंगात ताप असताना. मला वाटलं, बहिणीकडनं गडबडीत वरची ओळ बदलायची राहिली. तिचं नाव निघालं तर लासुर्णेकर तिला जन्मभर नांदवतील का? माझं काय, मी गडी माणूस, दोन पायताणं खाल्ली तर झिजत न्हाय. त्यांनी दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडली ती मोडलीच. आप्पा म्हणाले, "माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, ह्या दारात पाय ठेवू नगंस." तू आतनं ऐकत होतीस. मी पिशवी भरली. तुझा काय आवाज आला न्हाय.

हितं मी लग्नाच्या हॉलमध्ये मोठे पडदे लावतो. चार गडी लागतात एका पडद्याला. मुकादम म्हणतो, ए पुणेवाले, आणि मी मनात म्हणतो, आमच्या अंथुर्ण्याचं नाव तुझ्या बापानं ऐकलं न्हाय. एका जागी बसवत न्हाय मला, तुला ठाऊक हाय. आधी नागपूर, मग बिलासपूर, आता रायपूर. पण कुठंबी असलो तरी एक समाधान असायचं की मी बहिणीसाठी निघालोय. माणसाला पळून जायलाबी एक कारण लागतं. माझं चांगलं होतं.

मग तुझी पत्रिका आली फोनवर. चि. सौ. कां. सुप्रिया आणि चि. गोकुळ. आईनं फोन करून सांगितलं की आप्पा गोकुळला देवमाणूस म्हणतात, मोडलेल्या सोयरिकीची पोर त्यानं हुंड्याबिगर पदरात घेतली. मी पत्रिका बघत बसलो. बाकीचं एका झटक्यात दिसलं, जसं धार लावल्यावर दिसतं.

श्रद्धांजलीतल्या तात्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता. सुप्रे, तो फेटा तात्यांना त्या संध्याकाळी मांडवात बांधला. मी स्टुलावर उभा राहून दोरी ओढत होतो, माझ्यासमोर बांधला, आणि तू फोनवर त्यांचा फोटो काढलास. मग माझ्याकडं आलीस. "दादा, पेनड्राईव्ह दे, ताजा फोटो टाकायचा राहिलाय." मी दिला. परत आणून दिलास तेव्हा परत चालवून बघितलं न्हाय, कारण तू आणला होतास. तापाच्या आठवड्यातली पाटी न्हवती ती. गुलाबी फेट्याची पाटी तापात होत न्हाय. आणि गोकुळचं ते माईकवरचं वाक्य, शिकलेला न्हाय म्हणून, ते इतकं सुरळीत आलं की आता वाटतं, घरून पाठ करून आला होता. तुझ्यासमोर म्हणून दाखवलं होतं का गं त्यानं? तू सुधारून दिलंस का? त्याचे शब्द सुधारायची तुला सवयच होती.

तुला अविराज नको होता, एवढंच ना? मला एक शब्द बोलायचा होतास. तुझा भाऊ आप्पांशी भांडला असता. न्हायतर तुला आणि गोकुळला मोटरसायकलवर बसवून दौंडच्या स्टेशनावर सोडून आला असता, आणि मग घरी जाऊन पायताण खाल्लं असतं, खुशीनं. मार तेवढाच पडला असता. पण तो मी तुझा भाऊ म्हणून खाल्ला असता. तुमी मला अडाणी म्हणून खायला लावला. तुमी दोघं बसून ठरवलंत की कोण मेलं तर चालंल, आणि तुमचं एकमत झालं. आणि आता परत तात्यांच्या पायावर डोकं ठेवायला मलाच बोलावतेस, कारण सासरी जाताना तुला सगळं कसं स्वच्छ पायजे.

येणार न्हाय मी. कानपिळीला चुलत्याच्या दिग्विजयला उभा कर. नवरदेवाचा कान माझ्या हातात आला तर माघारी येणार न्हाय. आणि घाबरू नको, आप्पांना, आईला, तात्यांना, कुणालाच मी हे सांगणार न्हाय. सांगितलं तर चार दिवस रडशील, लोक दोन वर्षांत विसरतील, आणि तू सुटशील. तू सुटायला नकोस. आप्पा म्हणतील माजलाय, तू मान हलव. तात्या तुझ्या डोक्यावर अक्षता टाकतील, म्हणतील, पोरी, तुझा काय दोष. तेव्हाबी मान हलव. गोकुळ शेजारी हसत असंल. तेव्हा तुला कळावं की मला ठाऊक हाय, आणि उद्याबी ठाऊक असंल, आणि तुझ्या पोराचं बारसं असंल तेव्हाबी, एवढ्यासाठीच हे लिहिलं. कागद जाळ, न्हायतर ठेव. मशीन निवायच्या आधी पिन उपसू नका.

तू काहीबी केलंस तरी तुझाच, कारण त्याला इलाज न्हाय,
शिवा

आहेर फोनवरनं टाकतोय. शुभकार्याला वर एक रुपया लावतात, मयताला लावत न्हाईत. मोजून घे: पुरते पाच हजार.