आधी पुढचे पाच

अब्बा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तरी आपलं भांडण माझ्या डोक्यात चालूच आहे. मोडलेली टीम परत उभी करायची तर आधी कोण शोधायचा? मागं राहून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, की त्याच्यापर्यंत कुणी पोचू नये म्हणून पुढं छाती लावून उभे राहणारे पाच जण? तुम्ही म्हणायचात, पाच जण. मी म्हणायचो, तुम्हाला या खेळातलं काय कळतं. आता टीमच राहिली नाही, तेव्हा भांडणही मिटायला हवं होतं.

तुम्हाला खरंच फारसं कळत नव्हतं. इथं आखातात, अल कुसैसच्या गॅरेजातून सुटलात की ग्रीस लागलेल्या कपड्यांतच मैदानावर यायचात. हेल्मेट घातलेली पोरं एकमेकांवर आदळतात, एवढंच तुमच्या लेखी अमेरिकन फुटबॉल. पण गावी कबड्डी खेळलेले तुम्ही, तुमची नजर चेंडूवर नसायचीच, पुढच्यांच्या पायांवर असायची. मी वीस वर्षांचा, अंगानं जाड, म्हणून कोचनं मला पुढच्या पाचांत टाकलं होतं. एक दिवस घरी येऊन मी बॅग स्वयंपाकघरातच आपटली. अम्मी बांगडे तळतेय, तुम्ही खुर्चीत बसून नखांतला काळा मळ काढताय. मी म्हणालो, "नोबडी ईव्हन लुक्स ॲट अस. फोटो फक्त क्वार्टरबॅकचेच." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग फोटो काढून घ्यायला स्टुडिओत जा. खेळतोस कशाला?" अम्मी हसली. मला इतका राग आला की मी जेवलो नाही. आठवड्याभरानं तुम्ही चामड्याचे हातमोजे घेऊन आलात, पाच जोड, कारण आमची सोललेली बोटं तुम्ही पाहिली होतीत. मी विचारलं, आणि क्वार्टरबॅकला? "त्याला सगळेच देतात," म्हणालात.

मी खेळलो त्याच क्लबचा मी दोन वर्षांपूर्वी कोच झालो, तेव्हा टीम जवळजवळ विरलेली होती. एकाची नोकरी गेली, मागोमाग व्हिसा. एक रियाधला, दोघे कॅनडाला. पुढच्या पाचांपैकी दोघेच उरले होते. सेक्रेटरी म्हणाला, "भाई, पहले किसको ढूंढें?" मला तुमची आठवण आली नाही असं नाही. पण पुढची फळी जमायला तीन-तीन वर्षं एकत्र खेळावं लागतं, आणि तीन वर्षं इथं राहीनच असं छातीठोक सांगणारे पाच जण मी आणायचे कुठून? तेवढ्यात तो आला, क्वार्टरबॅक. चोवीस वर्षांचा, आपल्या अल नहदातच वाढलेला, आईवडील चिपळूणकडचे, बँकेत नोकरी. पहिल्याच दिवशी त्यानं अर्ध्या मैदानापलीकडे चेंडू असा सोडला की पळणारे जागीच थांबले. मी ठरवून टाकलं. हा असला की बाकीचे येतील.

आलेही. पहिली मॅच हरलो, दुसरी जिंकलो. तिसऱ्या मॅचला पुढच्या पाचांत डाव्या टोकाला दोन आठवड्यांपूर्वी आलेला एक दांडगा माणूस उभा होता. सुरू होण्याआधी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "कोच, मुझे अभी भी समझ नहीं आता किसको पकड़ना है." मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "हो जाएगा, हबीबी." समोरून आलेल्या दोघांपैकी त्यानं आतल्याला धरलं. बाहेरचा मोकळा सुटला. आमचा पोरगा उजवीकडे बघत होता, त्याला मागून येणारा दिसलाच नाही. तो खाली पडला तेव्हा खांदा जागेवर नव्हता.

हॉस्पिटलात त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही एवढे जण होतात ना तिथं?" ऑपरेशन झालं, पण तो हात आता डोक्याच्या वर जात नाही, केससुद्धा तो डाव्या हातानं विंचरतो. पुढं प्रॅक्टिसला माणसं कमी होत गेली. रमजानच्या आधी एका संध्याकाळी सहा जण आले, थोडा वेळ बसले आणि गेले. सेक्रेटरी म्हणाला, "खलास." हेल्मेटं एका शाळेला देऊन टाकली.

तुमचं बरोबर होतं असं म्हणून मला मोकळंही होता येत नाही. आधी पाच जण शोधले असते तरी तेही गेलेच असते. इथं सगळे जायलाच आलेले असतात. फक्त त्या पोराचा खांदा शाबूत राहिला असता.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "कोच, आय हेल्ड द बॉल टू लाँग, राइट?" तसं नव्हतं. चूक कुठं झाली ते मला माहीत होतं, मॅचच्या आधीपासून माहीत होतं. मी म्हणालो, "येस. अ लिटल." तो म्हणाला, "सॉरी, कोच."

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण हे कुठं पाठवायचं नाहीये. लिहायला हवं ते त्याला. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या ईदला त्यानं मुबारक पाठवलं, अजून कोचच म्हणतो. मी उत्तरात नुसता अंगठा पाठवला.