आनेकाचं रिंगण आणि सुमेधाची गौर

॥ श्री ॥

हूफडॉर्प,
२४ मार्च २०२५

चि. सौ. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी इथे सुखरूप आहे. पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे, कारण फोनवर बोलायचं म्हटलं की इकडे पुष्कर आणि तिकडे उल्हासराव, दोघेही स्पीकर लावून बसतात. फोटो ईशानी काढते. माझ्या या नातीला मराठी कळतं पण वाचता येत नाही, त्यामुळे तिच्याइतकं विश्वासू टपालखातं मिळायचं नाही. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि दोघींचं झकास चाललं आहे.

पुष्कर आणि चैत्राली सकाळी ऑफिसला जातात, ईशानी शाळेत. मग मी खिडकीत बसून सायकली बघते. पहिले दोन दिवस हौस वाटली. तिसऱ्या दिवशी स्वतःशीच बोलायला लागले, म्हणून उठून दारात रांगोळी काढली. शेजारची आनेका ती बघून रस्त्यात उकिडवी बसली. सहासष्ट वर्षांची आहे, जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. कुणासाठी काढलीस, असं तिने इंग्रजीत विचारलं. येणाऱ्यासाठी, असं मी सांगितलं. त्यावर तिने मला थेट त्यांच्या मंडळात बोलावलं.

आता नीट वाच आणि लगेच देवघराकडे धावू नकोस. ही मंडळी स्वतःला पेगन म्हणवतात. म्हणजे येशू यायच्या आधी इथे जे देव होते, झाडं, नद्या, सूर्य, त्यांना पुन्हा पुजणारे. वर्षातून आठ सण करतात. परवाच्या शुक्रवारी दिवस-रात्र समान झाल्याचा सण होता, जवळच्या जंगलात. जंगल म्हणजे माणसांनी मोजून मापून लावलेली झाडं. वाट चुकायची सोय नाही.

तरी मला दहा मिनिटं उशीर झाला. साडीवर चैत्रालीचं जाकीट, त्यावर मफलर, हा शृंगार आवरता आवरेना. पोचले तेव्हा चौदा माणसं गोल करून उभी होती. आनेकाने मला बघितलं, हसली, आणि थांब असा हात केला. रिंगण एकदा बांधलं की मध्येच कुणी आत यायचं नाही, असा नियम आहे म्हणे. मी सायकलींच्या शेजारी उभी. विलेम नावाचा गृहस्थ झगा घालून देवीला आवाहन करत होता. एरवी तो लोकांचे टॅक्स भरून देतो. विमानतळ जवळ, त्यामुळे दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जाई आणि विलेम बिचारा देवीला तिथेच थांबवून ठेवी. शेवटी ती आली की नाही ते मला कळलं नाही, पण थंडी आली.

नंतर सूप दिलं, वाटाण्याचं, चांगलं होतं. आनेका म्हणाली की हाक मारली असतीस तर मी दार कापून तुला आत घेतलं असतं, तशी पद्धत आहे. मी म्हटलं, आमच्याकडे बाहेरच्याने हाक मारायची नसते.

कळावे. लोभ आहेच, तो इथल्या वाऱ्यात गारठणार नाही याची काळजी मी घेते, तिकडची तू घे.

तुझी,
ताई

सांगली,
१ एप्रिल २०२५

ती. गं. भा. मृदुलाताईस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. यांना दाखवलं नाही. यांना चष्मा सापडत नाही, देवाची कृपा.

ताई, तुला पुष्करने नात सांभाळायला नेलं की जंगलात सोडायला? वयाच्या बहात्तराव्या वर्षी तू झगेवाल्या टॅक्सवाल्याबरोबर रात्रीची झाडाखाली उभी राहतेस, हे मी कुणाला सांगू? ते बळीबिळी देतात का, ते आधी कळव. सूप वाटाण्याचंच होतं याची खात्री करून घेतलीस ना? आणि आपल्याकडे तेहेतीस कोटी असताना तुला परक्यांचे आठ सण कशाला हवेत? आपलेच मला पुरे होत नाहीत, म्हणजे आवरत नाहीत.

काल गौर बसवली. पितळी झोपाळा चिंचेने घासून लख्ख केला. या वर्षी मागे निळा पडदा लावला आहे, कलिंगडाची कमळं मीच कापली, एक बोटही कापलं. अक्षय्य तृतीयेला, ३० तारखेला हळदीकुंकू ठेवलं आहे. हिरेमठबाई आत्ताच विचारून गेल्या की या वर्षी मृदुलाताईंच्या हातची आंबेडाळ नाही का? तुझ्यासारखी डाळ कुणाला वाटता येत नाही, मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो. तू इथे हवी होतीस.

ईशानीला गोड पापा. तिला अक्षरं शिकव म्हटलं असतं, पण सध्या नको.

कळावे. मोठ्या बहिणीला काय सांगायचं, धाकटीचं ऐकावं एवढी विनंती.

तुझी,
सुमेधा

॥ श्री ॥

हूफडॉर्प,
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. सुमेधास,
अनेक आशीर्वाद.

बळी देत नाहीत. अर्धी मंडळी तर दूधही पीत नाहीत, त्यामुळे तुझ्या शेजारणींपेक्षा ही जास्त सोवळी आहेत. आणि मला ते गं. भा. लिहायचं सोडून दे. नवरा गेला म्हणून बाईच्या नावाला दोन नद्या जोडायच्या, आणि तिला मात्र कुठल्या पाण्यात उतरू द्यायचं नाही, हा काय न्याय?

तुला आनंद होईल अशी बातमी आहे. मी मंडळ सोडलं.

परवा पौर्णिमेला पुन्हा गेले होते, या वेळी अर्धा तास आधी. प्रत्येकाने काहीतरी न्यायचं असतं. मी हळदकुंकू नेलं आणि पांढऱ्या सुताची गुंडी. त्यांचा एक ओक आहे, आपल्या वडासारखा मानाचा. सहा वर्षांत वडाला सूत गुंडाळलं नव्हतं, हात शिवशिवत होते. आता तू विचारशील, कुठल्या नवऱ्यासाठी. कुणासाठी नाही. सात जन्मांचं आरक्षण ह्यांनी आधीच करून ठेवलं आहे, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. झाड चांगलं होतं म्हणून गुंडाळलं.

तर फ्लोर नावाची तिशीतली पोरगी, झाडांचीच जाणकार, खिशातून कात्री काढून आली आणि सगळ्यांसमोर कचाकच सूत कापलं. पाखरांचे पाय अडकतात, साल कापली जाते, विचारून का नाही केलंस, असं तोंडावर बोलली. इथे असंच बोलतात. पोटात एक, ओठात एक असला प्रकार नाही, सगळं ओठातच. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

त्यात एक लांब केसांचा मुलगा मला गुरुमा म्हणतो. भारतातलं प्राचीन ज्ञान द्या म्हणून मागे लागला. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा ज्ञान हवं असेल तर लसावि शिकवीन, असं सांगितलं. त्याला त्यातही काहीतरी गूढ वाटलं. पुष्करला ही सगळी भानगड कळली आहे. इथल्या मराठी मंडळात कुणाला समजू देऊ नकोस, असं म्हणाला. चैत्राली मात्र हसून हसून लोळली आणि पुढच्या वेळी मला पण ने म्हणाली. पण पुढची वेळ नाही. परत खिडकीत बसले आहे. दुपार फार लांब असते इथे, सुमे. इथेही नाही आणि तिथेही नाही अशी मी कुठली आहे, ते कळेनासं होतं.

कळावे. जिव्हाळा ठेव, टोमणे कमी ठेव.

तुझी,
ताई

सांगली,
२० एप्रिल २०२५

ती. गं. भा. मृदुलाताईस,
शि. सा. न.

गं. भा. लिहिलं, कारण पद्धत ती पद्धत. रागावू नकोस.

मंडळ सोडलंस हे फार छान केलंस. त्या फ्लोरला माझ्यातर्फे दोन शब्द ऐकव, आणि कात्री धारेची होती का तेही विचार, माझ्या कात्रीने सुतळीसुद्धा तुटत नाही. ३० तारखेला घरीच देवापुढे बस. इथे असतीस तर स्वयंपाकघरात माझ्याबरोबर डाळ वाटत बसली असतीस, चार बायकांत असतीस, दुपार कशी गेली कळलं नसतं. तिथे मेल्या सायकली काय मोजतेस?

कैऱ्या यंदा चांगल्या आंबट आहेत. बाकी क्षेम.

कळावे. तुझ्या मायेची सवय आहे, ती मोडू नये.

तुझी,
सुमेधा

॥ श्री ॥

हूफडॉर्प,
२८ एप्रिल २०२५

चि. सौ. सुमेधास,
आशीर्वाद.

मी काल पुन्हा गेले. आधी सांगते ते कसं झालं.

गुरुवारी फ्लोर एकटी घरी आली. बूट बाहेर काढून सोफ्यावर बसली आणि कच्च्या लोकरीचा धागा दिला. हा पावसाने कुजून जातो, सैल बांधला तर झाडाला चालतो, सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं, असं सांगून चहा न पिता गेली. ही माणसं तोंडावर तोडतात आणि तोंडावरच जोडतात. तिचा राग धरायला मला कुठे जागाच उरली नाही.

काल त्यांचा उन्हाळ्याच्या स्वागताचा सण होता. खरा बुधवारी, तुझ्या अक्षय्य तृतीयेच्याच दिवशी संध्याकाळी येतो, पण बुधवारी सगळ्यांना कामं असतात, म्हणून देवीला रविवारची वेळ दिली. मी ईशानीला घेऊन निघाले. वाटेत तिला बदकांशी बोलायचं होतं, त्यामुळे पुन्हा दहा मिनिटं उशीर, पुन्हा रिंगण बांधलेलं, पुन्हा मी सायकलींपाशी.

या वेळी मी हाक मारली. मराठीतच मारली, आनेका, मी आलेय गं, अशी. आनेका केरसुणी घेऊन आली, हवेत दार काढल्यासारखं केलं, केरसुणी जमिनीवर आडवी ठेवली आणि हात पुढे केला. आम्ही दोघी ती ओलांडून आत गेलो. एवढंच. कुणी मागे वळून बघितलं नाही, विलेमचा मंत्रही थांबला नाही.

त्यांच्यात सर्वांत वयस्क बाईला त्या दिवशी शेकोटीजवळ बसवतात. तिचा नवरा आहे की गेला, मुलं आहेत की नाहीत, कुणी विचारत नाही. बाई पुष्कळ दिवस जगली, हाच मान. मला बसवलं आणि प्रत्येकाने एक एक फूल आणून दिलं. ईशानीनेही दिलं. फ्लोरने त्यांचा गजरा गुंफून माझ्या डोक्यावर ठेवला. ह्यांच्या माघारी डोक्याला फूल लागलं नव्हतं, सुमे. मला रडू आलं. नेमकं विमान गेलं आणि सगळे ते जाईपर्यंत शांत उभे राहिले, त्यामुळे निवांत रडता आलं.

आता जे लिहिते ते मी कधी बोलले नाही. गेल्या अक्षय्य तृतीयेला तुझ्या घरी सकाळपासून डाळ मी वाटली. बायका आल्या तेव्हा तबक घेऊन बाहेर आले आणि हिरेमठबाईंच्या शेजारी टेकले. तू कुंकवाचा करंडा घेऊन ओळीने येत होतीस. माझ्यापाशी आलीस, आणि तुझा हात माझ्यावरून पुढे गेला. त्यांना कुंकू लावलंस, मोगऱ्याचा गजरा दिलास, आणि मला पन्ह्याचे रिकामे पेले दिलेस. दुष्टपणाने नाही, सवयीने. ते मला जास्त लागलं. तू मला चार बायकांत असतीस म्हणतेस. मी चार बायकांत नव्हते, मी आत होते, डाळीपाशी.

तेव्हा मी हाक मारली नाही. इथे येऊन ती सवय मोडली, म्हणून आता मारते आहे. तुझ्या रिंगणाला दार आहे का, एवढंच विचारायचं आहे. नसलं तर तसं लिही. डाळ मी तरीही वाटीन, पण हळदीकुंकवाच्या दिवशी तुझ्याकडे पुन्हा येणार नाही.

७ जूनला पोचते. व्हिसा त्यापुढे ठेवत नाही.

कळावे. लोभ मागत नाही, तो होताच. बाकीचं मागते आहे.

तुझी,
ताई

सांगली,
१ मे २०२५

ती. मृदुलाताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गेल्या वर्षीच्या गोष्टीवर मी काही लिहिणार नाही. लिहायला बसले की कागद भिजतो आणि फोटोत अक्षर येत नाही.

काल काय झालं ते सांगते. बायका पाच वाजता आल्या, एकूण सोळा. डाळ मीच वाटली होती, लगदा झाला होता, सगळ्यांनी छान म्हणून पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवली. पन्हं दिलं, ओटीचे हरभरे दिले. मग करंडा हातात घेतला, आणि हात काही पुढे जाईना. म्हणून सांगून टाकलं की हळदीकुंकू आज नाही. हिरेमठबाईंनी विचारलं, म्हणजे कधी? मी म्हटलं, ७ जूननंतरच्या पहिल्या शुक्रवारी, ताई आली की, आणि पहिलं बोट तिला. त्या म्हणाल्या, पण त्या तर. मी म्हटलं, हो. पाचजणी गजरे न घेता उठून गेल्या, त्यामुळे गजरे उरले, ते मी सगळे गौरीला घातले. ती आता दिसत नाही, नुसता मोगरा दिसतो.

आणि गौर काल उचलायची होती. मी उचलली नाही. आयुष्यात एक तिथी चुकवली नाही मी ताई, तुला माहीत आहे. गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, असं कुठे सांगितलेलं नाही. करू नये असं तरी कुठे सांगितलंय का, विचारलं, तर पंचांग चाळत बसले. शेवटी म्हणाले, गौर माहेरी आली आहे, थोडी जास्त राहिली तर फार तर सासरचे रागावतील. यांना चष्मा सापडला आहे आणि तुझं पत्र यांनी वाचलं. मग झोपाळ्याची कडी करकरत होती तिला तेल घातलं.

कैऱ्या किसून फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत. डाळ भिजत घालेन, वाटायला मात्र तूच. मी शेजारी बसून शिकेन आणि बाहेर दोघी एकदमच जाऊ. त्या पोरीकडून थोडी कच्ची लोकर घेऊन ये, आमच्या कॉलनीतल्या वडाला प्लास्टिकचा दोरा गुंडाळतात मेल्या.

कळावे. लोभ माझ्याकडे सांडण्याइतका आहे, न्यायला ये. तुझं विमान उशिरा आलं तरी चालेल. गौर झोपाळ्यावर बसून आहे, तिला सांगितलंय.

तुझी,
सुमे