अर्जाला जोडलेले कासव

प्रति,
मा. परवाना अधिकारी साहेब,
वन्य प्राणी व जलचर शाखा, अमरावती.

विषय : मागील अर्जासोबत जोडलेले जिवंत कासव तातडीने परत मिळणेबाबत.
संदर्भ : घरी कासव पाळण्याच्या परवान्यासाठी अर्जदाराचा अर्ज, दि. ४ मार्च १९६३.

महोदय,

१. अर्जदार कमलाकांत वामनराव पिंपळखुटे, वकील, राहणार अंबापेठ, सविनय निवेदन करतो की, कासव पाळण्यास परवाना लागतो असे वर्तमानपत्रात वाचून त्याने वरील अर्ज केला. जन्म कोर्टात गेल्यामुळे पुराव्यावाचून अर्ज करणे त्यास जमले नाही. सबब 'सोबत' या सदराखाली त्याने 'कासव, एक, जिवंत' असे लिहून ते घमेल्यासह आवकेच्या टेबलावर दाखल केले. ही बुद्धी आपल्याला कुठून सुचली, हे त्याचे त्यालाच कळत नाही.

२. अर्ज विचाराधीन आहे. अर्जासोबतची कोणतीही वस्तू निकालापर्यंत परत मिळत नसल्याने कासव फायलीबरोबर रेकॉर्डच्या खोलीत आहे. शिपाई नत्थुजी यांना विनवले असता ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुमीच जोडलं, तुमीच सही केली. आता मले कावून मांगून राहिले?" अर्जदार, वकील असूनही, स्वतःचीच सही पुन्हा तपासून परत आला.

३. सदर कासव (घरातील नाव ठमी) पाण्यात असल्याशिवाय खात नाही. नत्थुजी मायेने कोरडी भाकर टाकतात, ती तशीच पडून राहते. तिला सकाळचे ऊन लागते, नाहीतर पाठ मऊ पडते, आणि त्या खोलीला खिडकी नाही. अर्जदाराच्या पत्नी सौ. अनसूयाबाई कांदा-लसणालाही शिवत नाहीत, पण ठमीसाठी केळीच्या बुडाशी उकरून गांडुळे काढीत. आता त्या रोज अंगणात घंगाळ भरतात आणि ऊन उतरले की पाणी केळीला ओततात.

४. अर्जदाराचे कशात लक्ष नाही. बाररूममधले सहकारी हसतात, हसोत बापडे. परंतु परवा तेल्हाऱ्याच्या एका पक्षकाराच्या जामिनावर बोलताना 'आरोपीस निदान उन्हात तरी ठेवावे' अशी मागणी त्याच्या तोंडून गेली. जामीन नामंजूर झाला.

५. अर्जदारास मूलबाळ नाही. ही बाब कायद्याने गैरलागू आहे हे तो जाणतो, तरी ती फायलीवर असावी.

६. सबब विनंती की, परवाना द्यावा अथवा नाकारावा, पण काहीतरी ठरवावे. नाकारल्यास ठमीला वडाळीच्या तलावात सोडण्याची आज्ञा व्हावी. अर्जदार रोज काठावर जाऊन बसेल. त्यालाही परवाना लागत असल्यास तो अर्ज वेगळा करील, आणि त्याला काहीही जोडणार नाही.

आपल्या एका सहीकडे डोळे लावून बसलेला,
कमलाकांत वामनराव पिंपळखुटे
अमरावती, दि. ९ एप्रिल १९६३

सोबत :
१. पालकाची जुडी.
२. गांडुळे, ओल्या मातीसह, डब्यात.
३. सौ. अनसूयाबाई. बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत, पायाशी रिकामे घंगाळ आहे. अर्जदाराने त्यांना जोडलेले नाही, त्या आपणहून आल्या आहेत. निकालापर्यंत आपणही परत मिळणार नाही, असे त्यांनी घरून निघतानाच सांगितले आहे.